पुढच्या वर्गातलं ताट

मानसिंगनं दशम्यांचा डबा ट्रंकेतून हळूच उचलला आणि पायानं पलंगाखाली सरकवला. जमनाबाई पाठमोरी होती, फडताळातून लोणच्याची बरणी काढत होती.

"तो परत ठेवा," ती मान न वळवता म्हणाली.

"कुठला?"

"आत्ता पलंगाखाली गेला तो."

मानसिंगनं डबा परत ठेवला. ठेवताना ट्रंकेत आणखी काय काय आहे ते बघून घेतलं. नाचणीचं पीठ होतं, चटणीपूड होती, शेवया होत्या, आणि तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. त्यानं लुगड्याचं टोक उचललं. आत रॉकेलचा स्टो होता.

"हा विमानातनं न्यायचा?"

"रिकामा आहे. रॉकेल तिथं मिळत असेल की."

"म्हणजे लेकीच्या घरात बसून तू तुझं वेगळं शिजवणार."

"घरात कशाला? अंगणात बसेन."

या बाईशी सरळ बोलून काही होत नाही, हे मानसिंगला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. म्हणून तर त्यानं वाकडा रस्ता धरला होता. आणि वाकड्या रस्त्यात त्याचा हात धरणारा बंगलूरच्या बसवनगुडीत दुसरा कुणी नव्हता.

अ‍ॅव्हेन्यू रोडवर त्याचं शिंप्याचं दुकान. वकिलांचे काळे कोट तो शिवायचा. एका भांडखोर वकिलाच्या कोटाचे दोन्ही खिसे त्यानं आतून शिवून टाकले होते, आणि भर कोर्टात जजसमोर तो वकील रुमालासाठी स्वतःशीच झटापट करताना सगळ्या बंगलूरनं बघितला होता. बसवनगुडीच्या भुईमूग-शेंगांच्या जत्रेत तर कमालच. कृष्णमूर्ती म्हणून त्याचा एक दोस्त, कँटोनमेंटात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला कोट चढवून मानसिंगनं सरकारी शेंगा-तपासनीस बनवलं. दोघं संध्याकाळपर्यंत ढिगामागून ढीग तपासत हिंडले, आणि दुसऱ्या दिवशी दोघांची पोटं बिघडली. जमनाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. निदान मानसिंगला तसं वाटत होतं.

पण यावेळची गोष्ट हसण्यावारी नेण्यातली नव्हती.

जमनाबाईच्या माहेरी आणि सासरी रीत एकच. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाकीच्या घरांत हा नियम वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुटायचा. नातू रडला की आजी जेवायला बसायची. त्यांच्या भाग्यलक्ष्मीच्या, म्हणजे भागीच्या, लग्नाला मात्र दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. ती मल्लेश्वरमला राहायची तेव्हा जमनाबाई बसनं जायची, बरोबर नेलेल्या तांब्यातलं पाणी प्यायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. एकदा भागीनं दिवसभर खपून पुरणाच्या होळिगे केल्या. वर तूप ओतलं आणि ताट आईपुढे ठेवलं. जमनाबाईनं ताटाला हात जोडले आणि ते बाजूला सरकवलं. भागीनं ताट उचलून दारात उभ्या असलेल्या गाईपुढे ओतलं, आणि मागच्या दारी नळ सोडून बसली. रडणं ऐकू येऊ नये म्हणून. मानसिंगला ऐकू आलं होतं.

पुढे जावयाला, उपेंद्रला, कोलंबोच्या एका कापडगिरणीत नोकरी मिळाली आणि दोघं समुद्रापलीकडे गेले. या उन्हाळ्यात भागीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकली. आता मूल होण्याचा प्रश्नच राहिला नाही. तिकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर भागीनं आईला निरोप पाठवला. अव्वाला म्हणावं, जेवायला येणार असलीस तर ये. नुसतं बघायला येणार असलीस तर फोटो पाठवते.

तेव्हा मानसिंगनं एकदाच सरळ विचारून बघितलं होतं.

"आता नातवंड नाही. मग तू तिच्याकडे कधी जेवणार?"

जमनाबाई कणीक तिंबत होती. ती तिंबतच राहिली. कणीक नको इतकी मऊ झाली तरी तिचे हात थांबेनात. मानसिंगला तिची अडचण दिसत होती. मूल नसताना तिथं जेवायला बसायचं म्हणजे पोरीच्या तोंडावर म्हणायचं, की बाई, तुझी आशा आम्ही सोडली. ते तिच्यानं होत नव्हतं. पण जेवायचं नाही म्हणजे प्रत्येक भेटीत तेच म्हणायचं, हे तिला कोण सांगणार?

त्याच दिवशी त्यानं ठरवलं. ही बाई लेकीचं अन्न खाणार. कळून खाल्लं तर ठीक, नाहीतर न कळता.

भागीला त्यानं कळवलं, की दोन तिकिटं पाठव, पण पुढच्या वर्गाची, आणि का ते विचारू नकोस. बापाची खोड लेकीला ठाऊक होती. तिनं विचारलं नाही. मद्रासहून कोलंबोला जाणाऱ्या विमानात मागच्या वर्गाला चहा-बिस्किट देतात आणि पुढच्या वर्गाला गरम जेवणाचं ताट देतात, हे मानसिंगनं एका गिऱ्हाइकाकडून पक्कं करून घेतलं होतं. चहा-बिस्किट जमनाबाई हातानं परत करेल. पण अख्खं ताट उकिरड्यात जाणार म्हटल्यावर तिचा जीव तुटतो. करपलेला भात ती स्वतः खाते पण टाकू देत नाही. म्हणजे तिचा नियम आणि तिची काटकसर, दोन पहिलवान तिच्याच घरचे, एकमेकांवर सोडून द्यायचे आणि आपण बाजूला बसायचं. तिकीट भागीचं, म्हणजे ताट भागीचं. ते रिकामं झालं की तिला सांगायचं, झालं, लेकीचं खाल्लंस, नियम मोडला, आता तो स्टो मोडीत घाल.

फक्त तिकिटं भागीची आहेत हे आधी कळता कामा नये. म्हणून गेल्या आठवड्यात कृष्णमूर्ती टाय लावून घरी आला. शिवणयंत्रांच्या कंपनीचा साहेब म्हणून. चांगलं काम करणाऱ्या शिंप्यांना कंपनीनं यंदा विमानप्रवासाचं बक्षीस ठेवलंय, असं त्यानं अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या इंग्रजीत सांगितलं आणि मानसिंगच्या गळ्यात हार घातला. जमनाबाई दारामागून ऐकत होती. तिनं साहेबांसाठी कॉफी पाठवली, आणि बरोबर ताटलीभर भाजलेल्या शेंगा.

"घरात लाडू होते की," साहेब गेल्यावर मानसिंग म्हणाला.

"असतील. हाताला शेंगा लागल्या."

आता ट्रंक बंद करायची वेळ आली तेव्हा जमनाबाई देवघरात गेली. देवाच्या डबीतून तिनं चांदीचा एक जुना रुपया काढला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. तो रुपया मानसिंगच्या ओळखीचा होता. भागीच्या जन्माआधी जमनाबाईची आई एकदा कोलारहून आली होती. परतीची मोटार बंद पडली आणि तिला इथंच राहावं लागलं. दोन वेळा उपाशी काढल्यावर म्हातारी जेवली, आणि उठताना हा रुपया पानाखाली ठेवून उठली. आपणहून लेकीचं खायचं नाही, पण अगदी अडलंच तर पानाखाली काहीतरी ठेवायचं. मग ते विकत घेतल्यासारखं होतं. त्यांच्याकडची ती पळवाट.

"हा कशाला बरोबर?" मानसिंगनं विचारलं.

"एवढ्या लांब चाललोय. आईचं काहीतरी जवळ असावं." तिनं ट्रंकेवर हात आपटला. "बसा आता यावर. कडी लागत नाहीये."

मद्रासपर्यंत रेल्वेनं गेले. विमानतळावर ट्रंक मोठ्या काट्यावर चढली तेव्हा तिथल्या माणसानं एकदा आकड्याकडे आणि एकदा जमनाबाईकडे बघितलं. पण पुढच्या वर्गाला जास्त वजन चालत होतं. स्टो सुखरूप पार पडला. दशम्यांचा डबा मात्र तिनं हातातच ठेवला.

विमानात पुढच्या भागात मोजक्याच खुर्च्या होत्या, आणि एकेक खुर्ची न्हाव्याच्या दुकानातल्यासारखी ऐसपैस. जमनाबाई कडेला अंग चोरून बसली, डबा मांडीवर घेऊन. विमान उडालं तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. डबा तेवढा दोन्ही हातांनी धरला, जसं काही तोच उडून जाणार होता. पुढे एक गोरा आणि त्याची मडम होती. पलीकडे चहाच्या मळेवाल्यासारखा दिसणारा एक जाडा माणूस. मानसिंगनं खुर्चीचं बटण दाबून बघितलं. पाठ धाडकन मागे गेली. मागच्याचा सरबताचा पेला थोडक्यात वाचला. त्यानं परत दाबलं. अजून दोनदा दाबलं.

"पोरासारखं काय करताय?"

"कंपनीचं आहे. वसूल नको करायला?"

जमनाबाई खिडकीकडे वळली. खाली नुसतं निळं होतं.

"हे सगळं कंपनीचं?" तिनं विचारलं. "खुर्ची, सरबत, सगळं?"

"सगळं."

"कंपनीचं भलं होवो," ती म्हणाली.

जेवण आलं. विमानातली मुलगी मद्रासची होती, नाकात खडा, केसांत अबोली. तिनं खुर्चीसमोर फळी लावली, वर पांढरं कापड अंथरलं आणि ताट ठेवलं. मटारभात होता, बटाट्याची भाजी, दह्याची वाटी, पाव आणि पांढरं थरथरणारं काहीतरी गोड. शाकाहारी सांगून ठेवलं होतं मानसिंगनं. आज सोमवार होता, आणि सोमवारी ती दुसऱ्या कशाला शिवली नसती. एवढ्याशा कारणानं डाव फसू देणाऱ्यातला तो नव्हता.

जमनाबाईनं ताट बघितलं. मग मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं.

"मला दशमी पुरे. हे परत न्यायला सांगा."

मानसिंगनं मुलीला थांबवलं आणि बंगलुरी तमिळमध्ये विचारलं, की बाई, परत दिलेल्या ताटाचं तुम्ही काय करता?

"टाकून देतो सर."

"सगळं?"

"सगळं. नियमच आहे."

त्यानं ते मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तमिळ जमनाबाईलाही कळत होतं. तिनं भाताकडे बघितलं. भाताला वाफ होती. मानसिंग आपल्या ताटावर वाकला आणि जेवू लागला, जसं काही शेजारी काय चाललंय याच्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता. पण त्याचा घास तोंडातच फिरत होता.

"हे मधेच कुठं उतरत नाही ना?" जमनाबाईनं खिडकीबाहेर बघत विचारलं.

"समुद्रात कुठं उतरणार?"

"म्हणजे अडलोच आपण."

"अडलोच. भिऊ नकोस."

"भीत नाही," ती म्हणाली. डब्याचं झाकण लावलं, काटा-चमचा बाजूला सारला, हात पुसला आणि भात कालवला.

मानसिंगनं तिला आधी असं जेवताना बघितलं नव्हतं. घरी ती स्वैपाकघरात शेवटी बसायची आणि भराभर उरकायची. इथं तिनं सावकाश, एकेक घास करून भात संपवला. दह्याची वाटी पुसून घेतली. थरथरणारं गोडसुद्धा सोडलं नाही.

"मीठ कमी आहे," ती मधेच म्हणाली.

"मागू?"

"नको. भागी पण कमीच घालायची. लग्नाआधी. किती सांगितलं तरी."

ताट धुतल्यासारखं झालं. मानसिंगच्या ओठांवर वाक्य तयार होतं, आगगाडीत त्यानं ते चार प्रकारे घोळवून बघितलं होतं. कंपनी नाही न् बिंपनी नाही. लेकीचं मीठ खाल्लंस, जमनाबाई. आता बोल. ती रागावेल, कोलंबोपर्यंत बोलणार नाही, कदाचित परत येईपर्यंत बोलणार नाही. चालेल. पण खाल्लेलं परत येत नाही.

"हात धुऊन येते," म्हणून ती उठली. आली की सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

मुलगी ताटं उचलायला आली. आधी मानसिंगचं उचललं, मग जमनाबाईचं. ते उचललं आणि ती थांबली.

"सर, हे मॅडमचं राहिलं."

ताटाखालच्या पांढऱ्या कापडावर चांदीचा रुपया होता. कापडावर त्याचा गोल वळ उठला होता. म्हणजे तो मघापासून तिथं होता. पहिल्या घासाच्या आधीपासून.

मानसिंगनं तो उचलून मुठीत धरला. मुलगी गेली. जाडा मळेवाला घोरत होता. कंपनीच्या जेवणाला कुणी ताटाखाली रुपया ठेवत नाही. मानसिंगला एकदम भाजलेल्या शेंगांची ताटली आठवली, आणि घरात लाडू असताना साहेबापुढे शेंगा का आल्या तेही कळलं. जत्रेत त्या दिवशी शेंगा विकत घ्यायला सगळी बसवनगुडी आली होती. जमनाबाईच तेवढी घरी कशी राहील? साहेब कोण ते तिनं दारामागूनच ओळखलं होतं.

आणि तिनं आईचा रुपया इथं, ढगांत, परक्यांच्या कापडावर ठेवला होता. कोण उचलेल, कुठं जाईल, विचार न करता. एका ताटासाठी.

जमनाबाई परत आली, खुर्चीत बसली आणि त्याच्याकडे बघितलं.

"काय झालं? तोंड का उघडं?"

मानसिंगनं तोंड मिटलं. तयार वाक्य गिळलं.

"कान बंद झालाय," तो म्हणाला. "विमानात होतं असं."

"सुपारी चघळा."

कोलंबोत भागीचं घर गिरणीच्या आवारात होतं, लाल कौलांचं, दारात नारळ. उपेंद्र त्यांना घेऊन आला आणि ट्रंक पडवीत ठेवून पुन्हा गिरणीत गेला. भागी दारात उभी होती. वाळली होती. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा उठताना तिला दाराची चौकट धरावी लागली. मग ती ट्रंकेकडे बघत राहिली.

"स्टो आणला असशील, अव्वा."

"आणलाय."

"पडवीत मांड मग. अंगणात वारा फार असतो."

"मांडते कशाला? तुला आणलाय," जमनाबाई म्हणाली. "इथं चांगले मिळत नाहीत म्हणे." तिनं हातातला डबा पुढे केला. "आणि या दशम्या. कोरड्या झाल्यात. कावळ्यांना घाल."

भागीनं डबा घेतला, पण ती हलली नाही. आईकडून बापाकडे आणि बापाकडून आईकडे बघत राहिली, कुणीतरी आत्ता हसेल आणि सांगेल की चेष्टा होती, अशी. मानसिंग चपला काढण्यात गुंतला होता.

"काय केलंयस आज?" जमनाबाईनं विचारलं.

"भात. चिंचेचं सारू. आमच्यापुरतंच आहे. तुमच्यासाठी काही नाही केलं. तुम्ही कुठं…"

"आहे ते वाढ. भूक लागलीय."

भागी आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. जमनाबाई उठायला लागली, तसा मानसिंगनं तिचा हात दाबून तिला खाली बसवलं आणि आपण आत गेला.

"ताटं मी मांडतो," त्याचं बोलणं बाहेर ऐकू आलं.

"तुम्ही, अण्णा?" भागीचा आवाज नाकातला झाला होता. "यात काय डाव आहे आता?"

"काही नाही. बरं, तू डोळे पूस आणि भात आण."

त्यानं ताटं मांडली, भागीनं वाढलं. तिघं जमिनीवर बसली. भागी नुसती बघत होती. जमनाबाईनं भात कालवला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

"मीठ कमी आहे."

"आणते." भागी अर्धी उठली.

"बस. असू दे तसंच. मला आवडतं."

भागी खाली बसली. तिनं आईला पुन्हा भात वाढला. जमनाबाई नको म्हणाली नाही. नंतर सारू वाढलं, तेव्हाही नको म्हणाली नाही. बाहेर दशम्यांवर कावळ्यांची भांडणं लागली होती.

जेवणं झाली. भागी ताटं गोळा करू लागली. आईचं ताट उचललं आणि ती थांबली.

"अव्वा, हे काय?"

जमनाबाईनं बघितलं. तिचा हात आपोआप पदराच्या टोकाकडे गेला. गाठ सुटलेली होती, तशीच होती, रिकामी. मग तिनं मान वळवून मानसिंगकडे बघितलं. मानसिंग खिडकीतून कावळे बघत होता, फार लक्ष देऊन.

"अण्णा, हे तुमचं काहीतरी आहे ना?"

"माझं कसं असेल? ताट तुझ्या आईचं. तिला विचार."

जमनाबाई रुपयाकडे बघत राहिली. तिच्या ओठाची एक कड हलली, आणि तिनं ती लगेच जागेवर आणली.

"विमानात देतात जेवणाबरोबर," ती म्हणाली. "पुढच्या वर्गात."

"चांदीचा?"

"चांदीचाच. ठेव तू. तुझाच आहे."

मानसिंगनं पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला, आणि तो पार रिकामा झाल्यावरही बराच वेळ खाली घेतला नाही.